पहिली पसंती सांगण्याची किंमत

प्रति,
संपादक,
स.न.वि.वि.

महोदय,

आपल्या शैक्षणिक पुरवणीत अमेरिकेतील पदवी प्रवेशांविषयी जे मार्गदर्शनपर लेख येतात, ते मी नेमाने वाचते. त्यांतील बरीचशी माहिती उपयुक्त असते. परंतु ‘अर्ज जितका लवकर, तितकी संधी मोठी’ हा सल्ला त्यांत ज्या सरसकटपणे दिला जातो, तो मला धोक्याचा वाटतो आणि त्याविषयीच हे पत्र आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. निवृत्तीपूर्वीची शेवटची आठ-नऊ वर्षे, आमच्याकडे समुपदेशक असे पदच नसल्यामुळे, परदेशी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांची शिफारसपत्रे, गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती आणि ‘कॉमन अ‍ॅप’वर, म्हणजे अनेक अमेरिकन महाविद्यालयांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जावर, भरायचा शाळेचा अहवाल ही कामे, कोणी तरी करायलाच हवीत म्हणून, माझ्या टेबलावर येऊन पडली. त्या टेबलावरून जे दिसले, तेवढेच लिहिते आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरची गोष्ट. सहकारी बँकेत अधिकारी असलेले एक पालक मुलीला घेऊन आले. लॅपटॉप उघडून त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, आमच्या दोघांच्या सह्या झाल्यात, तुमची तेवढी राहिली आहे. एक तारीख शेवटची आहे.’’ पडद्यावर ‘अर्ली डिसिजन’चे करारपत्र होते. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या वतीने समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. मी त्यांना विचारले की, हे काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे का? ते म्हणाले, ‘‘म्हणजे आपल्या कॅपसारखंच ना? आवडतं कॉलेज एक नंबरला टाकायचं. मिळालं तर मिळालं.’’ मी त्यांना मजकूर मोठ्याने वाचायला सांगितला. प्रवेश मिळाल्यास अन्यत्र केलेले सर्व अर्ज मागे घेऊ, या वाक्यापाशी ते अडखळले, ते वाक्य त्यांनी पुन्हा एकदा मनात वाचले आणि मग एकच प्रश्न विचारला, ‘‘पण मग आपल्याला नक्की किती भरायचे आहेत, ते कधी कळणार?’’

माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म या प्रश्नात आहे, आणि बँकेतल्या माणसालाही तो सहीनंतर सुचावा, यात त्यांचा दोष कमी आणि आपल्या सवयीचा अधिक आहे. अकरावी असो वा अभियांत्रिकी, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत पसंतीक्रम भरण्याची आपल्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावा लागतो, हे बंधन आपल्याकडेही आहे. पण त्या पर्यायाचे शुल्क अर्ज भरतानाच माहीत असते आणि आपण कोणाला कितव्या क्रमांकावर टाकले यावरून कोणतेही महाविद्यालय आपल्याला झुकते माप देत नाही. यादी गुणांवर लागते. अमेरिकेतील खासगी महाविद्यालयांत पहिली पसंती हे चलन आहे. ‘मी तुमच्याकडेच येणार’ असे लिहून दिले की अर्जाचे वजन वाढते, आणि त्या बदल्यात कुटुंब जे देऊन टाकते ते म्हणजे दोन-चार ठिकाणच्या आर्थिक मदतीची पत्रे समोर ठेवून तुलना करण्याचा हक्क.

ज्यांना या पद्धतींची ओळख नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे एकाच महाविद्यालयाला बांधून घेणारा अर्ज. मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर आणि निकाल डिसेंबरच्या मध्यास. अनेक ठिकाणी याचीच दुसरी फेरी जानेवारीच्या आरंभी असते, तिचा निकाल फेब्रुवारीत लागतो आणि बंधन तेवढेच असते. ‘अर्ली अ‍ॅक्शन’ची मुदतही साधारण नोव्हेंबरातलीच, पण ती बांधत नाही; लवकर उत्तर मिळते आणि होकार कळवायला १ मेपर्यंतचा वेळ राहतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांच्याकडे याचाच एक आखडता प्रकार आहे: तेथे लवकर अर्ज केला तर अन्य खासगी विद्यापीठांत लवकरचा अर्ज करता येत नाही, पण निवड झाल्यावर जायलाच हवे असेही नाही. नियमित अर्जांची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास आणि निकाल मार्चअखेरीस. काही सरकारी विद्यापीठे येतील तसे अर्ज तपासत जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र असतो, त्याची मुदत नोव्हेंबरअखेर असते आणि त्यात ‘लवकर’ असा प्रकारच नाही. नावे इतकी सारखी आहेत की, ‘अर्लीत टाकलंय’ एवढेच मुले घरी सांगतात. त्या ‘अर्ली’पुढचा शब्द कोणता, हे बहुतेक घरांत कोणी विचारत नाही.

महाविद्यालये हा खटाटोप कशासाठी करतात? प्रवेश देऊ केलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती येतील, याची त्यांना कायम चिंता असते. बंधनकारक अर्जातून घेतलेला विद्यार्थी म्हणजे भरलेली जागा. काही नामांकित खासगी संस्था आपला जवळजवळ अर्धा वर्ग असाच भरून टाकतात. त्यामुळे लवकरच्या फेरीतील निवडीचे प्रमाण नियमित फेरीपेक्षा मोठे दिसते, आणि सल्लागार नेमका तोच आकडा पालकांपुढे ठेवतात. त्या आकड्यात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुले असतात, माजी विद्यार्थ्यांची अपत्ये असतात, आणि संपूर्ण खर्च स्वतः उचलणारी कुटुंबे तर असतातच. ही मंडळी वजा केल्यावर आपल्याकडच्या, आर्थिक मदत मागणाऱ्या मुलासाठी किती फायदा उरतो, हे त्या टक्केवारीतून कळत नाही. लवकर अर्ज करण्याने काहीच लाभ होत नाही, असे माझे म्हणणे नाही. लाभ असतो, पण पत्रकावर छापलेला असतो तेवढा नसतो.

ही शंका केवळ माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाची नाही. सप्टेंबर २००६ मध्ये हार्वर्डने आपली लवकरच्या अर्जांची फेरी बंद करत असल्याचे जाहीर केले. आधीच सुस्थितीत असलेल्यांना ही पद्धत आणखी पुढे नेते, हे त्यामागचे कारण होते. प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ यांनीही तसेच केले. बाकीच्या संस्थांनी मात्र त्यांचा कित्ता गिरवला नाही, आणि २०११ मध्ये हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी ही फेरी, बंधन न घालता का होईना, पुन्हा सुरू केली. पद्धत न्याय्य नाही हे उघडपणे मान्य करणाऱ्यांनाही तिच्याबाहेर राहणे परवडले नाही, असाच याचा अर्थ मी घेते.

आता पैशांविषयी, कारण आपल्या लेखांत हा भाग सर्वांत आटोपशीर असतो. अनेक खासगी विद्यापीठांचा शिकवणी, राहणे व जेवण धरून छापील खर्च आज वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. म्हणजे चार वर्षांचे साडेतीन लाख डॉलरहून अधिक. छापील खर्च आणि प्रत्यक्ष भरायची रक्कम यांत पुष्कळ अंतर असू शकते, हे खरे. पण परदेशी विद्यार्थ्यासाठी ते अंतर कसे ठरते, हे आधी समजून घ्यावे लागते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशा मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराचा निर्णय घेताना त्याला मदत लागणार आहे की नाही, हे पाहत नाहीत. उरलेल्या बहुतेक ठिकाणी ते पाहिले जाते. मदत मागितली की निवड अवघड होते. मग सल्लागार सुचवतात की, ‘मदत नको’ या चौकटीत खूण करा, प्रवेश तर मिळू द्या, पुढचे पुढे पाहू. हा सल्ला ऐकणाऱ्यांनी एवढे तरी तपासावे की, स्टॅनफर्डसारख्या कित्येक ठिकाणी अर्जाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला नंतर चारही वर्षे ती मागता येत नाही. पुढचे पुढे पाहायला तेथे पुढे काही ठेवलेलेच नसते.

बंधनकारक करारात एक पळवाट आहे, असे सांगून पालकांची समजूत घातली जाते. देऊ केलेली मदत अपुरी असल्यामुळे प्रवेश घेणे शक्य नसेल, तर करारातून मुक्त होता येते. कलम खरे आहे. पण ते वापरण्याची वेळ येते डिसेंबरच्या उत्तरार्धात, जेव्हा नियमित अर्जांची मुदत जेमतेम दोन आठवड्यांवर आलेली असते आणि त्या महाविद्यालयांचे निरनिराळे निबंध मुलाने लिहिलेले नसतात, कारण ‘आधी अर्लीचं काय होतंय ते बघू’ असे घरात ठरलेले असते. शिवाय ‘अपुरी’ म्हणजे किती, हे आपण एकट्याने ठरवायचे नसते. महाविद्यालय आपल्या कागदपत्रांवरून आपली ऐपत मोजते. सीएसएस प्रोफाइल नावाच्या, आर्थिक मदतीसाठीच्या अर्जात उत्पन्नाबरोबर बचत, घर आणि इतर मालमत्ताही विचारतात, आणि शहरातला राहता फ्लॅट व गावाकडची सामाईक जमीन यांच्याकडे पाहण्याची त्यांची नजर आणि आपली नजर एक नसते. (भावाभावांत वाटणी न झालेली, सातबाऱ्यावर अजूनही आजोबांचे नाव असलेली जमीन त्या चौकटीत कशी लिहायची, असे मला एकदा एका पालकांनी विचारले होते. मी त्यांना थेट महाविद्यालयाच्या मदत कार्यालयाला ई-मेल करायला सांगितले. उत्तर आले आणि ते कामाचे होते. ही कार्यालये उत्तरे देतात, पण ऑक्टोबरात विचारले तर.)

म्हणून माझे मत असे झाले आहे की, बंधनकारक अर्ज दोनच प्रकारच्या घरांनी करावा. पूर्ण छापील खर्च, कर्ज धरूनही, झेपणार आहे हे ज्यांनी कागदावर मांडून पाहिले आहे, अशी घरे एक. दुसरी ती, ज्यांनी निवडलेली संस्था परदेशी विद्यार्थ्याचीही संपूर्ण गरज भागवण्याची हमी देते आणि ज्यांनी त्या संस्थेकडे आपल्या स्थितीची आधीच विचारणा केली आहे. बाकीच्यांनी लवकर अर्ज जरूर करावा, पण बंधन नसलेला. काही विद्यापीठांत तर गुणवत्ता-शिष्यवृत्तीसाठी विचार व्हायचा असेल तर नोव्हेंबरचीच मुदत पाळावी लागते. आणि या दोन्ही प्रकारच्या घरांतही मुलाचे मन त्या एका महाविद्यालयावर खरोखर बसले आहे का, हे पाहावेच. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कवर भाळलेला मुलगा ऑक्टोबरात मिनेसोटातल्या छोट्या महाविद्यालयाच्या प्रेमात पडलेला मी पाहिला आहे. सतरा वर्षांच्या वयात दोन महिने फार असतात.

लवकर अर्ज करायचा तर लवकर तयार असावे लागते, आणि येथे आमच्या संस्थांचा दोष मी झाकणार नाही. अमेरिकन महाविद्यालयाला नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण लागतात. आपल्याकडे मुलगा दहावीला शाळा सोडतो, अकरावीला दुसऱ्या संस्थेत येतो आणि त्याच्या नववीच्या प्रगतिपुस्तकाचा धनी कोणी उरत नाही. शाळेचा लिपिक म्हणतो, एल.सी. नेलीत तेव्हाच संबंध संपला. कनिष्ठ महाविद्यालय म्हणते, नववी आमच्याकडे झालेलीच नाही. एका विद्यार्थिनीच्या नववीच्या गुणांची साक्षांकित प्रत मिळवायला आम्हाला तीन आठवडे आणि चार चकरा लागल्या, आणि तो सगळा काळ दिवाळीच्या सुटीच्या तोंडावरचा होता. त्यात क्लासशी ‘टायअप’ असलेल्या महाविद्यालयांतील मुले आणखी अडचणीत येतात, कारण ज्या शिक्षकांच्या सहीने शिफारसपत्र जायचे त्यांनी त्या मुलाला प्रात्यक्षिक परीक्षेखेरीज पाहिलेलेच नसते. मग पत्र मुलगाच लिहून आणतो आणि शिक्षक सही करतात. ते वाचणाऱ्याला कळत नसेल, असे समजण्याचे कारण नाही.

परीक्षांचेही तसेच. करोनानंतर ऐच्छिक झालेली ‘सॅट’ ही प्रवेशासाठीची परीक्षा एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा अनिवार्य केली आणि २०२४ पासून डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड अशी एकेक नावे त्याच वाटेने गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र निवडीसाठी हे गुण पाहतच नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या मुदतीला उपयोगी पडावी अशी शेवटची परीक्षा साधारणपणे ऑक्टोबरातली असते, म्हणजे पहिला प्रयत्न अकरावीच्या उन्हाळ्यातच झालेला बरा. निबंधाची शब्दमर्यादा ६५० आहे, आणि तेवढे ६५० शब्द लिहायला, खोडायला आणि पुन्हा लिहायला आमच्या बहुतेक मुलांना सबंध सप्टेंबर लागतो.

आणखी एका गोष्टीविषयी आपल्या लेखांत मी आजवर एक ओळही वाचलेली नाही. ‘हातची जागा सोडू नये’ म्हणून बारावीनंतर येथे अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा आणि पहिल्या वर्षात असताना पुढच्या वर्षासाठी अमेरिकेत अर्ज करायचा, असा बेत पुष्कळ घरांत आखला जातो. एकदा का पदवी अभ्यासक्रमाला नाव घातले, की अनेक विद्यापीठांच्या नियमांनुसार तो अर्जदार प्रथम वर्षाचा राहत नाही, ‘ट्रान्स्फर’ होतो. कोठे ही रेघ नाव नोंदवल्याबरोबर ओढली जाते, तर कोठे पूर्ण वर्ष झाल्यावर. ट्रान्स्फरच्या जागा थोड्या, मदत आणखी थोडी, आणि बंधनकारक वा लवकरच्या ज्या फेऱ्यांचे वर्णन वर केले त्या त्यांच्यासाठी नसतात. एक वर्ष थांबून अर्ज करायचा असेल तर थांबावे, आणि त्या वर्षात काय केले ते अर्जात लिहावे. तिकडे त्याला कोणी नावे ठेवत नाही. आपल्याकडे ‘गॅप’ हा शब्द उच्चारला की घरात सुतक पडते, त्याला माझा इलाज नाही. पण शुल्क भरण्यापूर्वी संबंधित विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘प्रथम वर्षाचा अर्जदार कोणाला म्हणावे’ ही व्याख्या वाचायला पाच मिनिटे लागतात.

डिसेंबरात निवड झालेल्यांनाही एक सांगायला हवे. तो प्रवेश बारावीचे वर्ष नीट पार पडण्यावर अवलंबून असतो. सहामाहीचे आणि अखेरचे गुण शाळेकडून जातात, आणि ते घसरले तर दिलेला प्रवेश काढून घेता येतो. पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत न फिरकलेला एक विद्यार्थी फेब्रुवारीत माझ्याकडे वही पूर्ण करून घ्यायला आला होता, त्याची आठवण झाली.

त्या बँक अधिकाऱ्यांनी तो करार त्या दिवशी पाठवला नाही. मुलीने एका सरकारी विद्यापीठात बंधन नसलेला लवकरचा अर्ज केला आणि तेच आवडते महाविद्यालय नियमित फेरीत ठेवले. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, आणि संधी कमी केल्याचा दोष तिने माझ्याकडे दिला, जो मला पूर्णपणे नाकारता येत नव्हता. एप्रिलमध्ये तिच्या हातात तीन होकार होते; आवडत्या महाविद्यालयाचाही होता. मदतीची पत्रे तिच्या वडिलांनी माझ्या टेबलावर ओळीने मांडली. आवडते महाविद्यालय आणि तिने अखेर निवडलेले महाविद्यालय यांच्या रकमांतला वार्षिक फरक एखाद्या शिक्षकाच्या वर्षभराच्या पगाराइतका होता.

आपल्याला विनंती अशी की, १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप नव्या वर्षासाठी खुले होण्यापूर्वी आपण मुदतींचा जो तक्ता छापता, त्यात प्रत्येक तारखेपुढे ‘बंधनकारक’ किंवा ‘बंधन नाही’ हा एक रकाना वाढवावा आणि परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितल्यास निवडीवर परिणाम होतो का, हे त्याच ओळीत द्यावे. आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांपर्यंत आपले दैनिक पोहोचते, म्हणून एवढेही छापावे की, चार वर्षांचे एकत्रित गुणपत्रक व संस्थेची एकपानी माहिती गणपतीच्या सुटीपूर्वी तयार ठेवली, तर ऑक्टोबरात लिपिकाच्या खिडकीपुढे रांग लागणार नाही.

आपली,
एक निवृत्त कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षिका